मस्कतमधले डावे कान



मागच्या खेपेला आपल्या पलटणींतल्या माणसांबद्दल लिहिलं, त्यावर अश्दोदहून एका तरुण वाचकाने विचारलं, "तुम्ही एवढी वर्षं मस्कतला होता. तिथे म्हणे म्हाताऱ्या माणसांच्या खांद्यावर रायफल असायची. त्याबद्दल कधी लिहीत कसं नाही?" या मुलाला बंदुकांचं वेड आहे. त्याने सोबत एक फोटोही पाठवला. आखूड, जाड नळीची, दिसायला बेंगरूळ अशी रायफल. खाली लिहिलं होतं, "ही ओळखता का?"

ओळखतो. तिचं नाव डी लाइल कार्बाइन. आम्हाला ती कळली एका माणसाच्या डाव्या कानामुळे.

आधी आम्ही म्हणजे कोण ते सांगतो, कारण नवीन वाचक पुष्कळ आले आहेत. आम्ही म्हणजे आम्ही दोघं, एक नर्स आणि एक पंपवाला. १९८६ ते २००८ आम्ही ओमानात होतो, मस्कतच्या रूवी भागात भाड्याच्या घरात. नर्स कान-नाक-घशाच्या ओपीडीत होती आणि पंपवाला पाण्याचे पंप दुरुस्त करत गावोगाव फिरायचा. लिहिताना यातलं कोण बोलतंय हे शोधत बसू नका. इतक्या वर्षांच्या संसारानंतर ते आम्हालाही नीट सांगता येत नाही.

तर कान. कानाच्या ओपीडीत रोज ऐकण्याची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत माणूस बसवायचा, कानावर हेडफोन लावायचे, बारीक-मोठे सूर सोडायचे, आणि ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. कागदावर उजव्या कानाला लाल गोल आणि डाव्याला निळी फुली, ही जगभरची रीत आहे. वय झालं की दोन्ही कान हळूहळू उतरतात, तो उतार कागदावर घाटासारखा दिसतो. पण ओमानच्या आतल्या गावांतून येणाऱ्या म्हाताऱ्यांचा कागद वेगळा निघायचा. ४००० हर्ट्झच्या आसपास एकदम खड्डा, पुढे जरा वर. आणि निळ्या फुल्यांचा खड्डा लाल गोलांपेक्षा खोल.

नवीन नर्सला वाटायचं, मशीन बिघडलं. मशीन ठीक असायचं. उजव्या हाताने रायफल चालवणारा माणूस दस्ता उजव्या खांद्याला लावतो आणि गाल त्यावर टेकवतो. मग डावा कान नळीच्या तोंडाकडे वळतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. रायफलचा बार कानाशी १५० डेसिबलच्या वर भरतो, १६० लाही पोचतो. कारखान्यात आठ तास ८५ च्या वर नको म्हणतात, त्यावरून अंदाज करा. कानाच्या आतल्या शंखात बारीक केस असतात, ते अशा धक्क्याने मोडतात आणि पुन्हा उगवत नाहीत. त्यावर औषध नाही. बायकोचा आवाज, पाखरांचा आवाज, "स" आणि "फ" ही अक्षरं आधी जातात. म्हाताऱ्याला बोललेलं ऐकू येतं पण शब्द लागत नाही, आणि घरच्यांना वाटतं, मुद्दाम करतो.

एरवी ही माणसं शिकारी किंवा सैनिक नसायची, शेतकरी असायची, खजुराची झाडं सांभाळणारी. पण तिकडे कमरेला खंजर आणि खांद्याला रायफल हा पुरुषाचा पोशाखच होता. लग्न, पाहुणा, ईद, मुलगा झाला, की हवेत बार. कवायतीसारखा ओळीने नाच चालतो, त्यात रायफल हवेत फिरवत फेकायची आणि झेलायची. हल्ली बऱ्याच ठिकाणी त्या जागी लाकडी रायफल असते. कानांसाठी ही मोठी सोय झाली, आम्हाला कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

या रायफली तिथे आल्या कुठून? गेल्या शतकाच्या सुरुवातीला मस्कत ही हत्यारांची मोठी पेठ होती. युरोपातून पेट्या उतरायच्या, मस्कतचे व्यापारी त्या घ्यायचे, त्यांत कच्छकडचे आपले भाटियाही होते, आणि मग होड्यांतून माल पलीकडे मकरानच्या किनाऱ्याला आणि तिथून उंटांवर अफगाणिस्तानात आणि हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर जायचा. सरहद्दीवर त्याच बंदुका हिंदी शिपायांवर रोखल्या गेल्या, तेव्हा इंग्रजांना जाग आली. आधी समुद्रात आरमारी पहारे बसले आणि १९१२ साली सुलतान फैसलने सगळी हत्यारं एका सरकारी वखारीत ठेवण्याचा हुकूम काढला. पण त्याआधी जो माल देशात मुरला तो मुरलाच. तीच जुनी मार्टिनी आणि ली-एन्फील्ड आमच्या ओपीडीतल्या आजोबांच्या कानांत वाजत होती.

शब्दांचंही बघा. ठासणीच्या, वातीने पेटणाऱ्या बंदुकीला ओमानी माणूस "बू फतीला" म्हणतो, म्हणजे वातवाली. तो फतीला आणि आपला पलिता एकच. बंदूक हा शब्दही अरबीच. दर्यावर्दी माणसांनी किती वस्तू आणि किती शब्द इकडून तिकडे नेले याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

ली-एन्फील्ड आमच्या घरातली होती असं म्हटलं तर चालेल. नर्सचे बाबा मुंबई पोलिसांत आर्मोरर होते. पोलिसांची थ्री नॉट थ्री आणि तिचीच बहीण, फोर टेन मस्केट, दोन्ही त्यांच्या हाताखालून जायच्या. ही मस्केट म्हणजे मूळची रायफल, पण आतली नळी बदलून गुळगुळीत केलेली, म्हणजे तिच्यातून लष्कराचं काडतूस जात नाही. पोलिसाकडची किंवा तुरुंगाच्या पहारेकऱ्याकडची बंदूक चोरीला गेली तर चोराला दारूगोळा मिळू नये, हा त्यातला हिशोब. बाबा म्हणायचे, "ली-एन्फील्डचा सांगाडा इतका भला की त्यावर काहीही बसवा, तक्रार करत नाही." आम्हाला ओमानची नोकरी लागली तेव्हा त्यांनी सगळ्या पाहुण्यांना एकच विनोद ऐकवला, मस्केटवाल्याची पोरगी मस्कतला चालली.

बोल्टच्या रायफलबद्दल त्यांचं आणखी एक वाक्य होतं, "ही शहाणी बाई आहे, हाताने खुणावल्याशिवाय दुसऱ्यांदा बोलत नाही." वाक्य आवडण्यासारखं नाही, पण यंत्राचं वर्णन अचूक आहे. एक गोळी सुटली की पुढचं सगळं माणसाच्या हातात. बोल्ट वर करा, मागे ओढा, रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकला, नवं आत जातं, खाली दाबा. नाही केलं तर ती गप्प बसून राहते.

१९९३ च्या सुमाराला ओपीडीत एक इंग्रज गृहस्थ आले. साठीच्या आसपासचे, ओमानातच राहून गेलेले, अरबी आमच्यापेक्षा चांगलं बोलणारे. नाव सांगत नाही. त्यांच्या कागदावर तोच खड्डा, डावीकडे खोल. नर्सने विचारलं, रायफल? ते हसले. तरुणपणी मलायाच्या जंगलात होते, आणि तिथून ओमानात आले. ज्यांना इतिहास हवा त्यांच्यासाठी सांगतो. १९५८-५९ साली ब्रिटिशांच्या २२ एसएएस या तुकडीची माणसं मलायातून इकडे आणली गेली, आणि २६ जानेवारी १९५९ च्या रात्री चढून त्यांनी जबल अख्दर हा इमामाच्या लोकांच्या ताब्यातला डोंगर घेतला. आपण प्रजासत्ताक दिन साजरा करून झोपलो होतो ती रात्र.

ते गृहस्थ म्हणाले, माझ्या कानाला सगळ्या हत्यारांनी मिळून मारलं, एकीने मात्र कधी त्रास दिला नाही. मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढलं. घरी येऊन पंपवाल्याला दाखवलं. त्याला वाटलं, पाइपचं चित्र आहे. त्याचंही फार चुकलं नव्हतं.

ती डी लाइल. विल्यम गॉडफ्रे डी लाइल नावाचा इंजिनिअर लंडनला विमान खात्यात नोकरीला होता. आधी त्याने सशाच्या शिकारीला बिनआवाजाची छोटी बंदूक केली होती. युद्धात तीच कल्पना मोठी करून तो कमांडोंच्या कार्यालयात घेऊन गेला. तिथे त्याची गाठ मोटारींच्या शर्यतींत वेगाचे विक्रम करणारे सर माल्कम कॅम्बेल यांच्याशी पडली. लंडनच्या एका उंच इमारतीच्या गच्चीवरून थेम्स नदीत गोळ्या झाडून पाहिल्या आणि खाली रस्त्यावरच्या माणसांपैकी कुणी मान वर केली नाही, असं सांगतात.

आता ती कशी चालते ते आमच्या पद्धतीने सांगतो, कारण यात खरी गंमत आहे. बंदुकीच्या एका बारात तीन आवाज असतात. पहिला नळीच्या तोंडातून एकदम सुटणाऱ्या वायूचा. कुकरचं झाकण जबरदस्तीने उघडलं तर जसा भडका होईल तसा. दुसरा गोळीचा स्वतःचा. ती ध्वनीपेक्षा वेगाने गेली तर वाटभर चाबूक फुटल्यासारखा कडाका करत जाते, आणि त्याला नळीवर काहीही बसवलं तरी इलाज नाही. तिसरा यंत्राचा, खटाक-खटाक.

डी लाइलने तिन्हींचा वेगवेगळा बंदोबस्त केला. वायूसाठी नळी छोटी केली, तिला भोकं पाडली आणि तिच्याभोवती जाड नळकांडं घातलं. त्यात एकामागे एक चकत्या. वायू त्यांत अडखळत, थंड होत, सावकाश बाहेर पडतो, कुकरची वाफ चमच्याने शिटी तिरकी करून काढावी तशी. पंपवाल्याला हे लगेच पटलं. पाण्याचा लोंढा एकदम अडवला की पाइप आदळतो, टप्प्याटप्प्याने अडवला की गप्प राहतो.

गोळीच्या कडाक्यासाठी त्याने रायफलचं काडतूस टाकूनच दिलं. थ्री नॉट थ्रीची गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर जाते, आणि ध्वनी जातो साधारण ३४०. म्हणून त्याने पिस्तुलाचं काडतूस घेतलं, अमेरिकन कोल्टचं पॉइंट फोर फाइव्ह. त्याची गोळी जड आणि मंद, सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास. ९ मिलिमीटरचं काडतूसही त्याच्या विचारात होतं, पण ते ध्वनीच्या पुढे जातं. (मस्कतच्या ४५ अंशांच्या उन्हात ध्वनीही जरा वेगाने धावतो, सुमारे ३५७ मीटर. म्हणजे ही बंदूक तिथे आणखी निर्धास्त. हे गणित पंपवाल्याने त्याच रात्री जेवता जेवता केलं आणि भात गार झाला.) मंद गोळीची किंमत अशी की ती लांब जात नाही, दोनशे मीटरच्या आतलं काम.

आणि तिसऱ्या आवाजासाठी बोल्ट. आपोआप भरणारी बंदूक गोळी सुटताच स्वतःच खडखडते, आणि उघड्या खिडकीतून थोडा वायूही सोडते. बोल्टवाली बंद राहते. माणसाने ठरवावं, आता बोल्ट ओढायचा की दहा मिनिटं पडून राहायचं. डी लाइलमध्ये सगळ्यात मोठा आवाज बोल्ट ओढण्याचाच होता म्हणतात. आणि तो बोल्ट, तो सांगाडा, ली-एन्फील्डचाच. त्यावर टॉमी गनची नळी आणि कोल्ट पिस्तुलाचं सात गोळ्यांचं मॅगझिन. बाबा तेव्हा हयात होते. त्यांना पत्रातून सगळं कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं, "सांगितलं नव्हतं, काहीही बसवा?"

अशा बंदुका सव्वाशेच्या आसपासच झाल्या. युरोपात आणि ब्रह्मदेशात वापरल्या, पुढे मलायात. युद्धानंतर बऱ्याच मोडीत काढल्या. अश्दोदच्या भाच्या, तुला संग्रहालयात खरी दिसली तर नशीबवान समज.

पण आमच्या मनात राहिली ती त्या गृहस्थांची एक गोष्ट. नर्सने विचारलं होतं, म्हणजे अगदीच ऐकू येत नसे? ते म्हणाले, येतो की. जवळ असाल तर चांगला ऐकू येतो. पण तो बंदुकीचा वाटत नाही. कुणाला वाटतं दार लागलं, कुणाला वाटतं फांदी मोडली. माणूस ऐकतो आणि आपलं काम चालू ठेवतो.

हे ऐकून आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. कारण आम्ही ओमानात तसेच राहत होतो.

आपलं आडनाव गावाचं. दिवेकर, केहीमकर, पेणकर, नवगावकर. ओमानात भेटणाऱ्या मराठी माणसाला ते ऐकून वाटायचं, कोकणातले कुणीतरी. महाराष्ट्र मंडळींच्या कार्यक्रमांना बोलावणी यायची, आम्ही जायचो, दिवाळीचा फराळ खायचो. मांसाहारी पंगतीत दह्याला हात लावत नाही म्हटल्यावर एक बाई म्हणाल्या, तुमच्याकडे कुठलंसं व्रत आहे वाटतं. आम्ही हो म्हटलं. त्यात खोटं काय? कामावर सुलेमान, दाऊद, मूसा, मरियम अशी नावं घरोघर होती, त्यामुळे नर्सचं पहिलं नाव तर कुणाला खटकलंच नाही. दार लागल्याचा आवाज.

कुणी त्रास दिला म्हणून नव्हे हं. ओमानी माणूस शांत आणि अदबीचा. १८३० च्या दशकात वेल्स्टेड नावाचा इंग्रज अधिकारी मस्कतला गेला होता, त्याने लिहून ठेवलं आहे की बगदादच्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून १८२८ साली पळालेले यहुदी तिथे येऊन राहिले होते आणि त्यांना कुणी छळत नसे. आमच्या काळात, डिसेंबर १९९४ मध्ये, इस्रायलचे पंतप्रधान राबीन स्वतः मस्कतला येऊन गेले. त्या रात्री टीव्हीवर ते सुलतान काबूससोबत दिसले आणि आम्ही आवाज बारीक करून पुन्हा पुन्हा पाहिलं. दुसऱ्या दिवशी ओपीडीत सगळे त्यावरच बोलत होते. पुढे इस्रायलचं व्यापारी कार्यालयही १९९६ ला उघडलं आणि २००० ला बंद झालं. वारा असा इकडून तिकडे फिरायचा, आणि आमचे व्हिसा दर काही वर्षांनी नवे व्हायचे. पाठीमागे ठाण्याला दोन म्हातारी आणि एक शिकणारा मुलगा. लोदच्या मावशीची पत्रं मुंबईला यायची आणि मुंबईहून दुसऱ्या पाकिटात घालून आमच्याकडे.

घरात सगळं चालायचं. शुक्रवारी दिवा, मलिदा, एलियाहू हन्नाबीचं नाव, दरफाळणीचा उपास. अडचण एकच होती. नव्याच्या सणाला शोफार.

शोफार हळू वाजवता येत नाही. पहिल्या वर्षी पंपवाल्याने खिडक्या लावून, दाराला रजई टांगून फुंकायचा विचार केला. मग त्यानेच बाबांकडून ऐकलेलं सांगितलं. मिश्नामध्ये प्रश्न आहे, एखाद्याने खड्ड्यात किंवा रांजणात शोफार फुंकला तर ऐकणाऱ्याचं कर्तव्य पुरं झालं का? उत्तर असं की ऐकणाऱ्याला शोफारचाच आवाज ऐकू आला असेल तर झालं, नुसता घुमलेला प्रतिध्वनी आला असेल तर नाही. रजई लावून जे ऐकू येईल ते शोफार आहे की काय, हे आमचं आम्हालाच ठरवता येईना.

म्हणून आम्ही पहाटे चालत डोंगरात गेलो. रूवीच्या सगळ्या बाजूंनी बोडके, तपकिरी डोंगर आहेत आणि वस्ती संपली की लगेच कोरडी वादी सुरू होते. सप्टेंबरात पहाटेही घाम येतो. दगडांत उभं राहून पंपवाल्याने तकिआ फुंकली, मग शवारीम, मग तरुआ. आधी खरा आवाज आणि क्षणभराने समोरच्या कड्यावरून त्याचा प्रतिध्वनी, दोन्ही वेगळे कळत होते. मिश्नावाले खूश झाले असते.

याच डोंगरांत बैत अल फलज नावाचा पांढरा किल्ला आहे, आता तिथे ओमानी सैन्याचं संग्रहालय आहे. १९१५ च्या जानेवारीत इमामाचे काही हजार लोक मस्कतवर चालून आले, तेव्हा या किल्ल्याभोवतीच्या टेकड्यांवर हिंदी शिपाई उभे होते, १०२ ग्रेनेडियर्स आणि ९५ रसेल्स इन्फन्ट्री. १०२ म्हणजे जुनी मुंबईची पलटण. तिच्याही आधी, १८२१ साली, मुंबईहून गेलेल्या फौजेने ओमानातल्या बनी बू अलीचा पाडाव केला. त्याच्या आदल्या वर्षी तिथेच आधीच्या तुकडीची दाणादाण उडाली होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या मानचिन्हांत "बेनी बू अली" हे नाव अजून आहे. मुंबई इलाख्याच्या त्या फौजेत आपली माणसं पिढ्यान् पिढ्या होती. समाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेतले, टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईची जुनी मशीद बांधली, ही कथा आपल्या प्रत्येक पोराला पाठ आहे.

पण पलटणींच्या याद्या वाचायला बसा. समाजी, हसाजी, इसाजी, मुसाजी, बनाजी. वाचणारा म्हणतो, मराठे दिसतात. समाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल, इसाजी म्हणजे इसहाक, बनाजी म्हणजे बिन्यामीन, हे त्याला कोण सांगणार? नाव कागदावर आहे, वाचताही येतं, फक्त कुणाचं ते ओळखू येत नाही. पुढे इंग्रजांनी जातवार कंपन्या केल्या, आपली कंपनी उभी राहण्याइतके आपण नव्हतो, बढत्या थांबल्या, आणि मुलं रेल्वेत, कचेऱ्यांत, दवाखान्यांत गेली. आमच्या घरात आर्मोररची पोरगी नर्स झाली ती त्याच ओघातली. हाईम शमुवेल केहीमकरांनी आपला इतिहास १८९७ साली लिहून ठेवला, तो छापला गेला १९३७ ला, तेल अवीवला. चाळीस वर्षं तोही गप्पच होता.

चौथ्या की पाचव्या वर्षी वादीत एक म्हातारा बलुची आमच्या मागे येऊन उभा राहिला. सुलतानाच्या फौजेतून निवृत्त झालेला, आता एका गोदामाचा राखणदार. अर्ध्या मैलावरून आवाज ऐकून आला होता. म्हणाला, बंदूक असती तर मी उठलो नसतो, उंट असता तरी नाही, हे काय आहे ते कळेना म्हणून आलो. आम्हा दोघांच्या छातीत धडधड. पंपवाल्याने शिंग त्याच्या हातात दिलं. त्याने उलटंपालटं करून पाहिलं, मेंढ्याचं आहे म्हणाला. मग विचारलं, कशासाठी?

पंपवाला म्हणाला, आमचं नवं वर्ष आहे. आम्ही बनी इस्राईल.

अरबीत आणि कुराणात तो शब्द जसाच्या तसा आहे. त्या देशात आम्ही तो पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला होता. म्हाताऱ्याने मान थोडी कलती केली, उजवा कान पुढे, आणि नर्सला कळलं, याचाही डावा गेलेला आहे. "बनी इस्राईल," तो म्हणाला, "मूसाची माणसं. बसा." आम्ही सावलीत बसलो. डब्यात चिकाचा हलवा होता, नारळाच्या दुधातला. त्याने खाल्ला आणि म्हणाला, आमच्याकडच्यासारखाच आहे, केशर कमी पडलं. ओमानी हलवा ज्याने खाल्लाय त्याला कळेल, तोही असाच सत्त्वाचा, चिकट, वर केशर आणि गुलाबपाणी.

तो पुढे कुठे बोलला नाही, किंवा बोलला असेल तर आम्हाला कधी त्रास झाला नाही. नर्सने त्याला ओपीडीत बोलावून कानाला यंत्र बसवून दिलं. ते तो फक्त शुक्रवारी मशिदीत लावायचा. एरवी मुलांचा गोंगाट ऐकायची हौस नाही, म्हणाला. शोफार मात्र यंत्राशिवायही ऐकू येतो, असं त्याने दोनदा सांगितलं. ते बरोबरच होतं, शोफारचा मुख्य सूर खालचा असतो आणि ते सूर शेवटपर्यंत टिकतात.

आता तुमच्याकडे एक काम. लोद, दिमोना, बेरशेबा, लंडन, टोरांटो, जिथे असाल तिथे, आजोबा-पणजोबांची पदकं असतील तर ती डबीतून काढा. लोक पदकाच्या दर्शनी बाजूचा फोटो पाठवतात, राजाराणीचं तोंड दिसतं, त्याचा आम्हाला उपयोग नाही. पदक उभं धरा आणि त्याच्या कडेचा फोटो काढा. तिथे बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. उजेड तिरका घ्या, भिंग असेल तर बरं. पॉलिश करू नका, अक्षरं झिजतात. आणि घरात त्या माणसाला कुठल्या नावाने हाक मारत ते सोबत नक्की लिहा, कारण कडेवर ते नाव नसेल.